बीडचा कौल

निवडणुकीचा निकाल लागला कीं वर्तमानपत्रें प्रथम राज्याची बेरीज छापतात. अमक्या पक्षास इतक्या जागा, तमक्यास तितक्या. महाराष्ट्राच्या वांट्यास लोकसभेच्या ४८ जागा आहेत. त्यांची बेरीज करण्यास शाळकरी मुलासही फार वेळ लागत नाहीं, आणि ती झाली म्हणजे राज्याचें मन आपणांस कळलें अशा समाधानानें आपण पान उलटतों. इतिहासाच्या अभ्यासकास ही रीत फारशी उपयोगी पडत नाहीं. एका सालाच्या सगळ्या जागा वाचण्याऐवजीं एकाच जागेचे सगळ्या सालांचे निकाल ओळीनें वाचीत गेल्यास पुष्कळ निराळ्या गोष्टी दिसूं लागतात. अशा वाचनासाठीं बीडसारखा दुसरा मतदारसंघ क्वचितच सांपडेल. या जिल्ह्यानें अनेकदां महाराष्ट्राच्या उलट उत्तर दिलें आहे. तें जिल्ह्याची लहर म्हणून सोडून देण्याची वहिवाट आहे. ती मला मान्य नाहीं.

पहिली गोष्ट अशी कीं, बीडनें पहिलें मत दिलें तेव्हां तें महाराष्ट्रांत नव्हतेंच. मुंबई राज्यांतही नव्हतें. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईपर्यंत हा निजामाच्या राज्यांतील जिल्हा. १९५२ सालीं त्यानें हैदराबाद राज्याचा भाग म्हणून मतदान केलें, १९५६ च्या नोव्हेंबरांत तो द्वैभाषिक मुंबई राज्यांत आला आणि १९६० सालीं महाराष्ट्रांत. मुंबई इलाख्यांतील मतदारानें, मर्यादित कां होईना, १९३७ सालच्या प्रांतिक निवडणुका पाहिल्या होत्या. बीडच्या शेतकऱ्याच्या हातीं मतपत्रिका आली ती एकदम प्रौढ मताधिकाराची. ती त्यानें कोणास दिली? काँग्रेसला नव्हे. हैदराबादेंत कम्युनिस्ट पक्षावर बंदी होती. म्हणून त्या पक्षानें पीपल्स डेमोक्रॅटिक फ्रंट या नांवानें उमेदवार उभे केले होते, आणि बीडनें त्या आघाडीचे रामचंद्र गोविंद परांजपे निवडून दिले.

या आघाडीचें खरें बळ तेलंगणांत होतें. तेथें शेतकऱ्यांचा सशस्त्र लढा झालेला, नळगोंड्याहून रविनारायण रेड्डी प्रचंड मतांनीं निवडून आलेले. मराठवाड्यांत तसा लढा झाला नव्हता. शिवाय हैदराबाद स्टेट काँग्रेसचे सर्वमान्य नेते स्वामी रामानंद तीर्थ हे याच जिल्ह्यांतील अंबाजोगाईच्या योगेश्वरी विद्यालयाचे एके काळचे मुख्याध्यापक. मुक्तिसंग्रामाची पुण्याई काँग्रेसच्या पदरीं असतां मत दुसरीकडे जावें याचा अर्थ, माझ्या मतें, इतकाच होतो कीं राज्य बदललें तरी गांवांतील वाडा बदलला नाहीं, हें कुळानें ओळखलें होतें. जहागिरीच्या मुलखांत राजकारणाचा पहिला प्रश्न जमिनीचा असतो.

पुढें १९५७ व १९६२ सालीं जागा काँग्रेसकडे गेली. त्यांत सांगण्यासारखें थोडें आहे. परंतु १९५७ मध्येंच एक गोष्ट अशी घडली कीं जिचें टोंक दहा वर्षांनीं बीडला येऊन पोंचलें. संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेवर त्या सालीं क्रांतिसिंह नाना पाटील साताऱ्याहून लोकसभेंत गेले. पश्चिम महाराष्ट्र काँग्रेसवर उलटला असतां मराठवाडा, आणि त्याबरोबर बीडही, काँग्रेसपाशीं राहिला. १९६७ सालीं चित्र नेमकें उलटें झालें. लाट ओसरली होती. राज्यांतील ४५ पैकीं ३७ जागा काँग्रेसनें जिंकल्या. भारतीय कम्युनिस्ट पक्षास दोनच मिळाल्या: मुंबईंत डांगे, आणि बीडमध्यें हेच नाना पाटील! कृष्णाकांठचा पुढारी, वय सासष्टाच्या पुढें, जिल्ह्यांत ना भाऊबंद ना जमीन. ज्या भागाला प्रतिसरकारचा प्रत्यक्ष अनुभव नव्हता त्यानें प्रतिसरकारच्या नायकास निवडावें हें वरवर विचित्र वाटतें. पण १९६५-६६ च्या अवर्षणानें आणि धान्यटंचाईनें पोळलेल्या मुलखास त्यांची रांगडी भाषा परकी वाटली नसावी. जातीच्या हिशेबानेंच बीडचें राजकारण समजतें असें म्हणणारांनीं हा निकाल एकदां डोळ्यांसमोर ठेवावा.

१९७१ च्या इंदिरा लाटेंत सयाजीराव पंडित आले. १९७७ सालीं पुन्हां तोच प्रकार: महाराष्ट्रांत मार्क्सवादी कम्युनिस्टांचे तीन खासदार झाले, त्यांत मुंबईच्या अहिल्याबाई रांगणेकर, डहाणूचे लहानू कोम, आणि तिसरे बीडचे गंगाधरअप्पा बुरांडे. गिरणगांव आणि वारली आदिवासींचा मुलूख यांच्या पंक्तींत हा डोंगराळ, कोरडा जिल्हा कसा बसला, याचें उत्तर निवडणुकीच्या कागदांत मिळत नाहीं. तें साखरेच्या फडांत शोधावें लागतें.

बालाघाटाच्या रांगेनें जिल्ह्याचे दोन भाग केले आहेत. उत्तरेस गोदाकांठची काळी जमीन. वर आष्टी, पाटोदा, शिरूर, धारूर या बाजूस माळरान. तेथला शेतकरी खरीप काढतो आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्राच्या, कर्नाटकाच्या कारखान्यांकडे निघतो. नवराबायको मिळून एक ‘कोयता’. हिशेब माणसांचा नव्हे, कोयत्यांचा. १९७२ च्या दुष्काळानंतर ही वाट फार रुंद झाली. हा मजूर उन्हाळा लागतां लागतां परततो. आतां निवडणुकांचे महिने पाहा. १९६७ ची फेब्रुवारींत, १९८० ची जानेवारींत, १९८४ ची डिसेंबरांत, १९८९ ची नोव्हेंबरांत, १९९८ ची पुन्हां फेब्रुवारींत. म्हणजे ज्याचें नांव यादींत आहे तो मतदार ऐन गळिताच्या हंगामांत शेंदोनशें कोसांवर कोपींत बसलेला. पुढारी मोटारी पाठवून त्यास आणवीत, ही गोष्ट तिकडे सर्वांस ठाऊक आहे. पण मोटार कोणाची येते यावर मत ठरूं लागलें म्हणजे मताची किंमत काय उरते? निकालाच्या तक्त्यांत विजयी, पराभूत, बाद मतें असे रकाने असतात. ‘फडावर असलेले’ असा रकाना नसतो.

या मजुराच्या नांवावर मात्र मोठीं राजकारणें उभीं राहिलीं. १९८९ सालीं जनता दलातर्फे निवडून आलेले पाथर्डीचे बबनराव ढाकणे ऊंसतोड कामगारांचे पुढारी होते. त्यांच्यामागून परळीजवळच्या नाथ्रा गांवचे गोपीनाथराव मुंडे यांनीं तेंच क्षेत्र व्यापलें. १९९८ सालीं भारतीय जनता पक्षास महाराष्ट्रांत अवघ्या चार जागा मिळाल्या, त्यांतील एक बीडची, यांत मुंड्यांच्या या पायाभरणीचा वांटा मोठा होता. त्या वेळीं निवडून आलेले जयसिंगराव गायकवाड १९९९ सालींही त्याच पक्षाचे खासदार झाले आणि २००४ सालीं राष्ट्रवादी काँग्रेसतर्फे तिसऱ्यांदां. पक्षांच्या बेरजेंत एक जागा इकडून तिकडे गेली, माणूस तोच राहिला. राज्याच्या तक्त्यावर किती विसंबावें, हें यावरून कळेल.

येथें थोडें आडवळण घेतों. मागास म्हणून हिणवलेल्या या जिल्ह्यानें स्त्रियांस जितक्या वेळां लोकसभेंत पाठविलें तितक्या वेळां सुशिक्षित म्हणविणाऱ्या शहरांनींही क्वचितच पाठविलें असेल. केशरबाई क्षीरसागर १९८०, १९८४ आणि १९९१ अशा तीनदां निवडून आल्या. जिल्हा त्यांना केशरकाकूच म्हणे. १९९६ सालीं रजनी पाटील आल्या, पुढें दोनदां प्रीतम मुंडे. घराण्याचें बळ पाठीशीं होतें हें खरें. पण घराण्याचें बळ पुरुषांच्याही पाठीशीं असतें, तें आपण मोजीत नाहीं.

आतां अलीकडच्या चार निकालांकडे वळतों, कारण त्यांतील आंकडे फार बोलके आहेत. २०१४ च्या एप्रिलांत गोपीनाथरावांस ६,३५,९९५ मतें पडलीं व ते १,३६,४५४ मतांनीं विजयी झाले. केंद्रीय मंत्री होऊन आठवडा झाला न झाला तोंच, ३ जून रोजीं, दिल्लींत मोटार अपघातानें त्यांचें निधन झालें. ऑक्टोबरांतील पोटनिवडणुकींत कन्या प्रीतम यांस ९,२२,४१६ मतें मिळालीं आणि मताधिक्य ६,९६,३२१. लोकसभेच्या इतिहासांत तोंवर एवढें मताधिक्य कोणासही मिळालें नव्हतें. राष्ट्रवादी काँग्रेसनें उमेदवार दिला नव्हता हें लक्षांत घेतलें तरी हा आंकडा मतदानाचा नसून शोकाचा आहे. त्यानंतर दहा वर्षांच्या आंत, २०२४ सालीं, पंकजा मुंडे त्याच जागीं ६,५५३ मतांनीं पराभूत झाल्या. ‘मुंड्यांची पुण्याई संपली’ असें लगोलग लिहिलें गेलें.

हें विधान आंकड्यांपुढें टिकत नाहीं. २०१९ सालीं प्रीतम मुंडे १,६८,३६८ मतांनीं जिंकल्या तेव्हां त्यांना मतें होतीं ६,७८,१७५. पंकजा हरल्या तेव्हां त्यांना मिळालीं ६,७७,३९७. फरक ७७८ मतांचा! ज्या मतांनीं एक बहीण मोठ्या फरकानें जिंकली, जवळजवळ तेवढ्याच मतांनीं दुसरी हरली. वाढलीं तीं बजरंग सोनवणे यांचीं मतें: ५,०९,८०७ वरून ६,८३,९५०, म्हणजे पावणेदोन लाखांची भर. त्यांतही नवल असें कीं २०१९ सालीं सोनवणे यांचा प्रचार करणारे धनंजय मुंडे २०२४ सालीं चुलत बहिणीच्या बाजूस होते. दोन घरें एक झालीं. बेरजेंत वाढ शून्य. पुढारी आपल्या मतांची गठडी बांधून एका छावणींतून दुसरींत नेऊं शकतो, हा आपल्या राजकारणांतील आवडता समज बीडनें या निकालांत खोटा पाडला.

पावणेदोन लाख मतें आलीं कोठून? २०२३ पासून शेजारच्या जालना जिल्ह्यांतील अंतरवाली सराटीहून उठलेल्या मराठा आरक्षणाच्या आंदोलनानें बीडमध्यें गांवोगांव दोन तट पाडले होते, आणि हें त्याचें मुख्य कारण मानण्यास हरकत नाहीं. परंतु कांदा, सोयाबीन, कापूस यांच्या भावांची चीडही त्यांत मिसळलेली होती. ती दोन्ही तटांच्या शेतांत सारखीच उगवली होती. ऊंसतोड्यांचा कैवार हीच ज्या घराण्याची ओळख, त्यास एका साखर कारखानदारानें हरविलें, या विरोधाभासाकडे मात्र फारसें कोणी लक्ष दिलें नाहीं. कोयत्याचा प्रश्न त्या निवडणुकींत कोणाच्याच तोंडीं ठळकपणें नव्हता, हें त्याचें कारण असावें. मतदान १३ मे रोजीं झालें. गळीत संपून मजूर गांवीं आला होता. दोघां उमेदवारांच्या मतांची बेरीज १३,६१,३४७, आणि त्यांतला फरक हजारीं पांच मतांहूनही कमी. ४ जूनला मतमोजणी रात्रीपर्यंत चालली आणि आघाडी या बाजूची त्या बाजूस झुलत राहिली. दुसऱ्या दिवशीं राज्याच्या बेरजेंत ही जागा इतर सत्तेचाळीस जागांसारखी एक म्हणून मिळविली गेली.