सुतकातली प्रेमकथा

'साबर बोंडं' फार संथ आहे, ही तक्रार मी बऱ्याच जणांकडून ऐकली. आहेच संथ! पण बाप गेल्यावरचे दहा दिवस कुणाच्या घरी भराभर जातात हो?

रोहन कानवडेचा हा पहिलाच पूर्ण लांबीचा चित्रपट. २०२५ च्या जानेवारीत सनडान्सला जागतिक चित्रपटांतलं ग्रँड ज्युरी पारितोषिक मिळालं, सप्टेंबरात आपल्याकडे लागला. कॉल सेंटरवाला आनंद वडिलांच्या सुतकासाठी मुंबईहून गावी येतो आणि लहानपणच्या मित्राच्या, बाळ्याच्या प्रेमात पडतो. बस्स, एवढीच गोष्ट. पार्श्वसंगीतसुद्धा नाही.

मराठीला हा विषय नवा नाही. तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' १९८१ मध्ये रंगमंचावर आलं, रोहिणी हट्टंगडी मित्राच्या भूमिकेत. त्यात मित्रा शेवटी आत्महत्या करते. पुढे २००६ मध्ये सचिन कुंडलकरची 'कोबाल्ट ब्लू' ही कादंबरी आली. पुण्यातले भाऊ-बहीण एकाच पेइंग गेस्टच्या प्रेमात, आणि तो निघून जातो. म्हणजे आधी मरण, मग पोरकेपण. चारचौघांच्या घरात, भाकरी-पिठल्याच्या शेजारी हे प्रेम नांदू शकतं, असं काही माझ्या तरी वाचण्यात नव्हतं.

दरम्यान कायद्याचं आपलं चालू होतं. २००९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं सोडवलं, २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं परत अडकवलं, ६ सप्टेंबर २०१८ ला एकदाचे सुटले. नातेवाइकांना अर्थात याचा पत्ता नाही :) त्यांचं कलम एकच, "लग्न कधी?"

त्यातही सुतकात हा प्रश्न जास्तच टोकदार होतो. वर्षाच्या आत उरका, नाहीतर तीन वर्षं थांबा, ही आपल्याकडची रीत. आमच्या पनवेलला काका गेले तेव्हा चुलतभावाला हेच विचारत होते, अजून तेरावंही झालं नव्हतं. तो खाली बघून "बघू" म्हणाला. त्या एका "बघू"च्या मागे काय काय दडलेलं असू शकतं, ते या चित्रपटात पावणेदोन तास दिसतं. कानवडेला कल्पना सुचली तीही वडील गेल्यावर गावी असंच सुतकात बसलेलं असताना.

थायलंडच्या 'ट्रॉपिकल मॅलडी'लाही २००४ मध्ये कानला ज्युरी पारितोषिक मिळालं होतं. सैनिक आणि गावातला पोरगा यांची प्रेमकथा, तीही अशीच संथ, पण अर्ध्यावर ती जंगलात शिरते, वाघ येतो. आपल्याकडे वाघ नाही, आत्या-मामा आहेत. आणि मला सगळ्यात आवडली ती आनंदची आई. तिला सगळं माहीत आहे, आणि तरी ती भाषण देत नाही. पाहुण्यांना परस्पर सांभाळून घेते, कामाला लागते.