आमचा फड

१९७६ साली दहावीची परीक्षा दिली आणि दप्तर कोनाड्यात ठेवलं ते कायमचं. त्याच चैत्रात गावची जत्रा होती. त्या जत्रेत मला तमाशाचं वेड लागलं.

शहरातल्या पोरांकडं तेव्हा रेकॉर्ड असायच्या. इंग्रजी बँडची नावं त्यांना तोंडपाठ. आमच्या वाळवा तालुक्यातल्या गावात पंचायतीचा एक रेडिओ, त्यावर बातम्या आणि सिनेमाची गाणी. आमचे बँड ट्रकमधनं यायचे. देवळामागच्या माळावर ट्रक थांबला की आम्ही पोरं पळत सुटायचो. आधी कपड्यांच्या पेट्या उतरायच्या, मग ढोलक्या, हलगी, तुणतुणं. कोण सोंगाड्या, कोण सुरत्या हे ओळखण्यात दुपार जायची. रात्री गण, गौळण, बतावणी आणि मग वग. वग संपेपर्यंत कोंबडं आरवायचं.

पोरांत दोन तट होते. एक काळू-बाळूचा, दुसरा विठाबाईंचा. कवलापूरचे हे दोघे जुळे भाऊ, लहू आणि अंकुश खाडे. तोंडावरनं सारखेच, त्यामुळं 'जहरी प्याला' या वगात दोघे हवालदार होऊन आले की कोण काय बोलला हेच कळायचं नाही. हसून पोट दुखायचं. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांची बाजू घेणारे म्हणायचे, हसवणं सोपं हाय, ह्या बाईचा आवाज माळाच्या पार जातो. त्यांच्याबद्दल एक गोष्ट सांगतात. दिवस भरलेले असताना त्या फडावर उभ्या राहिल्या, कळा आल्या म्हणून आत गेल्या, बाळंत झाल्या, दगडानं नाळ तोडली आणि पुन्हा लोकांपुढं आल्या. त्या गोष्टीवरनं आम्ही बांधावर बसून तासन्‌तास वाद घातलेत. मी विठाबाईंच्या तटात होतो.

तमाशा आपल्याच मातीतला आहे हे मला गावातल्या एका म्हाताऱ्यानं सांगितलं. पठ्ठे बापूराव आमच्या तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे. श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. ब्राह्मणाचा पोरगा घरदार सोडून फडात गेला, पवळाबाईंबरोबर उभा राहिला, लोकांनी वाळीत टाकलं तरी मागं फिरला नाही. १९४५ साली गेला. अण्णाभाऊ साठे वाटेगावचे, तेही वाळव्यातलेच. त्यांनी १९४४ साली अमर शेख आणि गवाणकरांबरोबर लाल बावटा कलापथक काढलं आणि वगात गिरणी कामगाराचं दुखणं आणलं. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारनं अश्लील म्हणून तमाशावर बंदी घातली. ती उठल्यावर फडांच्या पाटीवर 'लोकनाट्य' हा शब्द आला. दहा वर्षं शाळेत गेलो, पण शेजारच्या गावांची ही माणसं मला एका धड्यात भेटली नाहीत.

आता खरं सांगायचं ते सांगतो. त्या साली आलेला फड लहान होता. ढोलकीवाला पन्नाशीचा, बारीक माणूस. रात्री त्यानं अशी ढोलकी वाजवली की मी खिशातले दोन रुपये दौलतजादा म्हणून दिले. ते वह्यांचे पैसे होते. सकाळी तोच माणूस आमच्या दारात पाणी मागायला आला. मला केवढा आनंद! मी आतनं तांब्या भरून आणला आणि त्याच्या हातात देणार, तेवढ्यात उंबऱ्यातनं आज्जी म्हणाली, "तांब्या हातात देऊ नगं. वरनं वत."

मी थांबलो. तो मात्र थांबला नाही. सवयीनं खाली वाकला, ओंजळ तोंडाला लावली आणि म्हणाला, "वता पाव्हणं." मी वरनं पाणी ओतलं. पाणी पिऊन त्यानं रात्रीच्या त्याच हातांनी तोंड पुसलं आणि "आई, लई बरं वाटलं" असं आज्जीला म्हणून गेला.

फडातली बहुतेक माणसं महार, मांग, कोल्हाटी समाजातली. रात्रभर गाव त्यांच्यासाठी शिट्ट्या मारायचं आणि उजाडलं की त्यांची जागा माळावर. हे काय मला त्या दिवशीच कळलं असं नाही. पण मी पाणी वरनं ओतलं होतं, हे मला कळत होतं. आज्जीनं सांगितलं म्हणून ओतलं, असं बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. सोळा वर्षांचा घोडा होतो. तांब्या हातात देता आला असता.

पुढं ऊसबिलातनं टेपरेकॉर्डर घेतला, कॅसेटी आणल्या. पण कॅसेटमधल्या ढोलकीवाल्याला तहान लागत नाही. विठाबाईंचा राष्ट्रपतींनी १९५७ साली आणि पुन्हा १९९० साली सन्मान केला. तरी शेवटची वर्षं हलाखीत काढून २००२ साली त्या गेल्या. ते पेपरात वाचलं तेव्हा मला तो तांब्याच आठवला.

मागच्या साली जत्रेच्या बैठकीत पोरं म्हणाली, ऑर्केस्ट्रा आणू. मी म्हणालो, "आणा, माझी ना नाही. पण एक रात्र तमाशा ठेवा. आणि फडाचं जेवण माझ्याकडं." चाळीस माणसं आमच्या सोप्यात एका पंगतीला बसली. ढोलकीवाला विशीतला पोरगा होता. त्याला तांब्या मी हातात दिला. त्याला त्यात काही विशेष वाटलं नाही. तेच बरं झालं.