विद्यापीठांची वसतिगृहे आणि पर्यावरणीय तपासणीतील सूट

सार्वजनिक विद्यापीठाने स्वतःच्या जमिनीवर वसतिगृह बांधायचे ठरवले, तर त्या बांधकामाच्या पर्यावरणीय परिणामांची आधी सविस्तर तपासणी व्हावी की नाही, हा प्रश्न अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात गेली काही वर्षे न्यायालयात आणि विधिमंडळात गाजतो आहे. २०२२ मध्ये त्या राज्याने अशा वसतिगृहांना अटींसह सूट दिली. भारतातही शैक्षणिक वसतिगृहांना अशीच सूट देण्यात आली होती. ती सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये रद्द ठरवली. एकाच सवलतीची दोन देशांत अशी दोन टोके का झाली, हे समजून घेण्यासाठी मूळ कायद्यापासून सुरुवात करावी लागते.

मूळ कायदा आणि त्याचा विस्तार

‘कॅलिफोर्निया पर्यावरणीय गुणवत्ता कायदा’ १९७० मध्ये अस्तित्वात आला. इंग्रजी आद्याक्षरांवरून तो ‘सीक्वा’ या नावाने ओळखला जातो. त्यावर स्वाक्षरी करणारे गव्हर्नर रोनाल्ड रेगन पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले. एखादा प्रकल्प मंजूर करण्यापूर्वी त्याचे हवा, पाणी, वाहतूक, ध्वनी, वन्यजीव, ऐतिहासिक वास्तू इत्यादींवर होणारे परिणाम शासकीय यंत्रणेने तपासावेत, ते जनतेपुढे मांडावेत आणि शक्य असेल तेथे ते कमी करावेत, ही या कायद्याची मूळ अपेक्षा. परिणाम गंभीर असण्याची शक्यता दिसली, तर संपूर्ण ‘पर्यावरणीय परिणाम अहवाल’ तयार करणे बंधनकारक ठरते. पर्यायी जागांचा आणि पर्यायी आराखड्यांचा विचारही त्यात करावा लागतो.

१९७२ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा शासकीय परवानगी लागणाऱ्या खासगी बांधकामांनाही लागू असल्याचा निर्णय दिला आणि त्याची व्याप्ती कितीतरी वाढली. अहवाल अपुरा आहे असे वाटणारा नागरिक किंवा संघटना न्यायालयात जाऊ शकते. या अधिकाराचा उपयोग मोठा आहे. रिचमंड शहरातील शेव्हरॉन कंपनीच्या तेलशुद्धीकरण कारखान्याच्या विस्ताराचा अहवाल २०१० मध्ये अपिलीय न्यायालयाने अपुरा ठरवला, तो अशाच दाव्यातून. कारखान्यात अधिक जड प्रतीचे कच्चे तेल शुद्ध केले जाणार का, या मूलभूत प्रश्नाचे स्पष्ट उत्तर अहवालात नव्हते. परिसरातील रहिवाशांच्या आरोग्याशी निगडित असलेली ही माहिती केवळ या कायद्यामुळे मागता आली.

विद्यापीठाची जागा आणि शेजाऱ्यांचे हत्यार

‘युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया’ या दहा परिसरांच्या विद्यापीठाला राज्यघटनेने स्वायत्तता दिली आहे. शैक्षणिक कामासाठी वापरल्या जाणाऱ्या त्याच्या जमिनीवर नगरपालिकेचे बांधकाम-नियम चालत नाहीत. प्रकल्पाला मंजुरी देणारे आणि त्याच्या पर्यावरणीय अहवालावर शिक्कामोर्तब करणारे मंडळही विद्यापीठाचेच. अशा स्थितीत विद्यापीठाच्या विस्ताराला हरकत घेऊ इच्छिणाऱ्या शेजाऱ्यांच्या हाती ‘सीक्वा’ हेच प्रमुख कायदेशीर साधन उरले. हे ध्यानात घेतले नाही, तर पुढील दावे केवळ हटवादीपणाचे वाटतील.

बर्कली परिसरात विद्यार्थिसंख्या वाढत गेली, पण वसतिगृहे त्या प्रमाणात वाढली नाहीत. दर चार विद्यार्थ्यांपैकी एकालाही विद्यापीठाची खोली मिळत नव्हती. उरलेले विद्यार्थी शहरातील भाड्याच्या घरांकडे वळले, भाडी चढली आणि जुन्या रहिवाशांशी संघर्ष सुरू झाला. ‘सेव्ह बर्कलीज नेबरहुड्स’ या संघटनेच्या दाव्यात ऑगस्ट २०२१ मध्ये न्यायालयाने विद्यापीठाची पटसंख्या २०२०-२१ च्या पातळीवर, म्हणजे ४२,३४७ वर, गोठवण्याचा आदेश दिला. मार्च २०२२ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती देण्यास नकार दिला. येत्या सत्रात सुमारे तीन हजार विद्यार्थी कमी घ्यावे लागतील, असे विद्यापीठाने आधीच जाहीर केले होते. अखेर विधिमंडळाने १४ मार्च २०२२ रोजी एकमताने दुरुस्ती मंजूर केली आणि गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांनी त्याच दिवशी तिच्यावर स्वाक्षरी केली. केवळ पटसंख्येतील वाढ हा स्वतंत्र ‘प्रकल्प’ मानू नये, असा त्या दुरुस्तीचा आशय होता. प्रवेश वाचले, राहण्याच्या जागेचा प्रश्न मात्र तसाच राहिला.

२०२२ ची सूट : काय माफ, काय बंधनकारक

याच वर्षी सप्टेंबरमध्ये सिनेटर स्कॉट वीनर यांनी मांडलेले ८८६ क्रमांकाचे सिनेट विधेयक कायद्यात रूपांतरित झाले. सार्वजनिक विद्यापीठाने स्वतःच्या मालकीच्या जमिनीवर विद्यार्थी, प्राध्यापक किंवा कर्मचारी यांच्यासाठी उभारलेल्या निवासी प्रकल्पांना १ जानेवारी २०३० पर्यंत ‘सीक्वा’मधून सूट देण्यात आली. मात्र या सुटीला पुढील अटींचे कुंपण आहे :

• प्रकल्प २,००० सदनिका किंवा ४,००० खाटा यांपेक्षा मोठा नसावा.
• प्रत्येक इमारतीला ‘लीड’ या हरित-बांधकाम मानांकनातील ‘प्लॅटिनम’ ही सर्वोच्च श्रेणी मिळाली पाहिजे.
• भोजनगृह, वर्ग आणि विद्यार्थी-सेवा यांसाठी एकूण क्षेत्रफळाच्या एक-तृतीयांशापेक्षा अधिक जागा वापरता येणार नाही.
• इमारत प्रमुख सार्वजनिक वाहतूक थांब्यापासून किंवा विद्यापीठाच्या हद्दीपासून अर्ध्या मैलाच्या आत असावी. अन्यथा तेथील रहिवाशांचा दरडोई वाहनप्रवास कमी असल्याचे दाखवावे लागते.
• पूरप्रवण क्षेत्रासारख्या वर्ज्य ठरवलेल्या जागा निवडता येत नाहीत. संरक्षित भाड्याची घरे पाडून जागा मोकळी करता येत नाही.
• बांधकामकाळातील परिणामांचे पूर्ण निवारण करावे लागते. कामगारांना प्रचलित दराने वेतन द्यावे लागते.
• सूट घेण्यापूर्वी किमान एक जाहीर सुनावणी घ्यावी लागते.

या यादीतून कायद्याची रीत स्पष्ट होते. प्रत्येक प्रकल्पासाठी स्वतंत्र अहवाल आणि त्यावर संभाव्य दावा, याऐवजी जागा कोणती, आकार केवढा आणि इमारतीचा दर्जा काय, या प्रश्नांची उत्तरे विधिमंडळाने आधीच ठरवून दिली. याची किंमतही आहे. सर्वोच्च हरित श्रेणीमुळे बांधकाम महाग होते, आणि प्रकल्पाचे जे परिणाम यादीत बसत नाहीत, त्यांची दखल घेण्याचा मार्ग जवळपास बंद होतो.

पीपल्स पार्कचा वाद

बर्कलीतील ‘पीपल्स पार्क’ ही सुमारे २.८ एकरांची जागा विद्यापीठाच्या मालकीची. १९६९ मध्ये आंदोलकांनी तेथे उद्यान उभारले. त्याच वर्षी १५ मे रोजी झालेल्या पोलिस गोळीबारात जखमी झालेला एक तरुण पुढे दगावला. येथे सुमारे ११०० विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह आणि बेघरांसाठी घरे बांधण्याची योजना विद्यापीठाने आखली. हा प्रकल्प वरील सुटीखाली नव्हता. त्यासाठी रीतसर अहवाल तयार झाला होता. तरीही फेब्रुवारी २०२३ मध्ये अपिलीय न्यायालयाने तो अपुरा ठरवला. विद्यार्थ्यांच्या पार्ट्यांमुळे होणाऱ्या गोंगाटाचा विचार अहवालात नव्हता, आणि पर्यायी जागा का तपासल्या नाहीत याचे समाधानकारक कारणही नव्हते.

माणसांचा आवाज हे प्रदूषण मानावे का, यावर मोठी चर्चा झाली. सप्टेंबर २०२३ मध्ये विधिमंडळाने कायदा बदलला. निवासी प्रकल्पातील रहिवासी व त्यांचे पाहुणे यांचा आवाज हा पर्यावरणीय परिणाम धरू नये, आणि ठरावीक अटींत बसणाऱ्या, पाच एकरांपर्यंतच्या शहरी जागेवरील वसतिगृहासाठी सार्वजनिक विद्यापीठाला पर्यायी जागा तपासण्याची गरज नाही, असे त्यात म्हटले होते. ६ जून २०२४ रोजी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने या कायद्याच्या आधारे विद्यापीठाच्या बाजूने एकमुखी निकाल दिला. पुढे ३० जून २०२५ रोजी शहरांतर्गत, २० एकरांपर्यंतच्या जागांवरील बहुतेक गृहप्रकल्पांनाही अटींसह सूट मिळाली. वसतिगृहांपासून सुरू झालेला प्रवाह सर्वसाधारण गृहनिर्माणापर्यंत पोहोचला.

भारतातील सूट आणि तिचा शेवट

भारतात २००६ च्या पर्यावरण परिणाम मूल्यांकन अधिसूचनेनुसार २०,००० चौरस मीटर व त्याहून अधिक बांधीव क्षेत्राच्या इमारतींना पूर्वपरवानगी लागते. २२ डिसेंबर २०१४ च्या दुरुस्तीने औद्योगिक शेड, शाळा, महाविद्यालये आणि शैक्षणिक संस्थांची वसतिगृहे यांना या गटातून वगळले. त्या बदल्यात घनकचरा व सांडपाण्याचे व्यवस्थापन, पर्जन्यजल-संधारण आदींची काळजी घ्यावी, एवढीच अपेक्षा होती. जागा कोणती असावी, कोणती असू नये, याविषयी काहीच नव्हते. मार्च २०२४ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने ही दुरुस्ती रद्द केली. जानेवारी २०२५ मध्ये केंद्राने नव्या अधिसूचनेद्वारे सूट पुन्हा आणली. ५ ऑगस्ट २०२५ रोजी ‘वनशक्ती’ संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने तीही रद्द ठरवली. एवढ्या मोठ्या बांधकामाचा परिणाम पर्यावरणावर होणारच, मग इमारत शिक्षणासाठी असली तरी वेगळा न्याय लावण्याचे कारण नाही, असा न्यायालयाचा दृष्टिकोन होता.

गोव्यासारख्या राज्यात या मुद्द्याचे मोल सहज कळते. जांभ्या दगडाच्या पठारावर मुरणारे पावसाचे पाणी खालच्या वाड्यांतील झऱ्यांना आणि विहिरींना पोसते. वर उभी राहणारी भव्य इमारत वसतिगृह आहे की व्यापारी संकुल, याने त्या पाण्याच्या वाटेत फरक पडत नाही. दुसरीकडे, शहरात खोली न परवडल्याने शिक्षण अर्ध्यावर सोडावे लागणाऱ्या विद्यार्थ्याचे नुकसानही तितकेच खरे आहे. कॅलिफोर्नियाने या दोन्ही गोष्टी एकाच कायद्यात बसवण्याचा प्रयत्न केला. त्या कायद्याचे मोजमाप करायचे, तर तीन प्रश्न पुरेसे आहेत : सूट कोणत्या जागेसाठी आहे, तिच्या अटी मोजता येतील अशा आहेत का, आणि बांधकामापूर्वी परिसरातील नागरिकांचे म्हणणे एकदा तरी ऐकले जाते का. भारतात अशी सूट पुन्हा कधी मांडली गेली, तर तिलाही हेच प्रश्न विचारावे लागतील.