कापूस, कापूर आणि मका

प्लॅस्टिक म्हटलं की आपल्याला खनिज तेल आठवतं. गंमत म्हणजे प्लॅस्टिकचा जन्म तेलातून झालाच नाही! १८६२ साली लंडनच्या प्रदर्शनात अलेक्झांडर पार्क्सने जे मांडलं, ते वनस्पतींच्या सेल्युलोजपासून केलेलं होतं. पुढे १८७० च्या सुमारास अमेरिकेत जॉन वेस्ली हायटने कापूर वापरून सेल्युलॉइड बनवलं. हो, आपण आरतीला जाळतो तोच कापूर. त्याला बिलियर्डच्या चेंडूंसाठी हस्तिदंताऐवजी दुसरं काहीतरी हवं होतं. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली लोकांनी पाहिला, तो याच जातीच्या फिल्मवर.

पण नायट्रिक आम्लातून काढलेला हा कापूस भडकन पेटायचा. २००३ साली पुण्यात अशा कित्येक जुन्या फिल्म्स आगीत गेल्या. झाडापासून केलं म्हणून ते निर्धोक, असं काही नसतं.

मातीत मिसळून जाईल, असंही नसतं. दह्याला आंबटपणा देणारं लॅक्टिक आम्ल शेले या रसायनज्ञाने १७८० साली आंबलेल्या दुधातून वेगळं केलं. मक्याच्या साखरेपासून हेच आम्ल तयार करून त्याच्या लांब साखळ्या जोडणारा मोठा कारखाना २००२ साली अमेरिकेत नेब्रास्कातल्या ब्लेअरला सुरू झाला. हे प्लॅस्टिक म्हणजे पीएलए. ते नीट कुजायला साधारण ६० अंशांची ऊब आणि ओल लागते. परसातल्या खड्ड्यात ते वर्षानुवर्षं तसंच पडून राहू शकतं.

तरी मला त्याचं कौतुक आहे, ते वेगळ्याच कारणासाठी. आमच्याकडे जुना स्वेटर उसवून त्याच लोकरीचा नवा विणत. पीएलएही तसं उसवता येतं. पाणी आणि उष्णता दिली की साखळी तुटते आणि पुन्हा लॅक्टिक आम्ल हाती येतं. पॉलिथिन वितळवून वापरता येतं, पण त्याचे दुवे असे सहजी सुटत नाहीत. मग ते ब्राझीलमध्ये २०१० पासून बनतं तसं उसाचं का असेना!

अर्थात, उसवायला स्वेटर आधी हातात यायला हवा. पीएलए पाण्याच्या बाटल्यांच्या ढिगात मिसळलं तर तोही माल बिघडतो. तेव्हा मंडळी, 'वनस्पतीपासून बनवलेले' असा शिक्का दिसला, तर एवढंच विचारा : वापरून झाल्यावर हे परत कोण घेणार?