सिव्हिक की माझदा, आणि १९६६ साल

माझ्या मामेभावाचा प्रश्न अगदी साधा होता. "ताई, सिव्हिक घेऊ की माझदा थ्री?" तो शारजात अल नहदाला राहतो आणि नोकरीला जबल अलीला जातो. म्हणजे रोज जायचे पन्नास-एक किलोमीटर आणि यायचे तेवढेच. दोन्ही गाड्या तीन-चार वर्षं वापरलेल्या, दोन्हींची किंमत जवळपास सारखी, दोन्ही सेडान आणि दोन्ही 'स्पोर्टी'. त्याने एक्सेलमध्ये तक्ता केला होता आणि तक्त्यात बरोबरी झाली होती. मला विचारलं ते मी इतिहासाची आहे म्हणून नाही. मी अबू धाबीत असते आणि माझ्याकडे जुनी माझदा आहे, म्हणून. मी उत्तर मात्र इतिहासाचं दिलं. त्याला ते फारसं आवडलं नाही, पण तुम्हीही असाल कुठे तरी परदेशात पहिली गाडी घ्यायच्या बेतात, तर तुमच्या कामाचं असेल.

आधी गाड्यांबद्दल, कारण त्याशिवाय तुम्ही पुढे वाचणार नाही. होंडाची दहाव्या पिढीची सिव्हिक २०१५ मध्ये आली. वरच्या मॉडेलला दीड लिटरचं टर्बो इंजिन, सीव्हीटी गिअरबॉक्स, आणि मागच्या चाकांना मल्टिलिंक सस्पेन्शन, म्हणजे प्रत्येक चाक आपापलं वरखाली होतं. माझदा थ्रीच्या चौथ्या पिढीत कंपनीने उलटं केलं: मागे साधा टॉर्शन बीम, दोन लिटरचं बिनटर्बोचं इंजिन आणि सहा गिअरचा जुन्या वळणाचा ऑटोमॅटिक. कागदावर सिव्हिक जास्त स्पोर्टी ठरायला हवी. पण स्टिअरिंग हातात घेतलं की माझं मत फिरतं. माझदाचा गिअर पायाच्या दाबाला लगेच उत्तर देतो. सीव्हीटी आधी आवाज करतो आणि मग निघतो. मागच्या सीटचा विषय निघाला तर मात्र माझदाची बाजू घेणं अवघड. सांगलीहून मामा-मामी आले की मामांचे गुडघे पुढच्या सीटला टेकणार. सिव्हिकमध्ये मागे ऐसपैस जागा आहे.

चार दारांची, घरच्यांना बसता येईल अशी, पण वळणावर मजा देणारी गाडी ही कल्पना साठच्या दशकातली. १९६२ मध्ये बीएमडब्ल्यूची १५०० आणि आल्फा रोमिओची जूलिया आली. १९६७ मध्ये डॅटसन ५१० ने तीच मजा निम्म्याशिम्म्या पगारवाल्यांच्या आवाक्यात आणली. आजच्या सिव्हिक आणि माझदा त्याच घराण्यातल्या. एवढं पुरे, कारण मामांचा फोन आला होता.

"माझदा? अरे, तो टेम्पो ना?"

मामांचं काही चुकलं नव्हतं. ऐंशीच्या दशकात पंजाबात स्वराज माझदा नावाने हलके ट्रक बनू लागले, आणि आपल्याकडे ते नाव भाजीच्या, दुधाच्या नि शाळेच्या मुलांच्या गाडीवर वाचायची सवय लागली. माझदाची मोटारगाडी भारतात कधी रीतसर विकायला आलीच नाही. कंपनी हिरोशिमाची. १९२० मध्ये बुचाचा कारखाना म्हणून सुरू झालेली. नावाचा एक धागा संस्थापक मात्सुदांकडे जातो आणि दुसरा थेट पारशांच्या अहुर मज्दाकडे. हे कंपनी स्वतःच सांगते. मामांना हे सांगितल्यावर ते म्हणाले, "मग पारशाची गाडी म्हण की. पारशाची सेकंड हँड गाडी डोळे मिटून घ्यावी." मुंबईत नोकरी केलेल्या त्या पिढीचं हे ठाम मत असतं.

मामांच्या वडिलांनी, म्हणजे आमच्या आजोबांनी, साठच्या दशकाच्या शेवटी गाडी घ्यायचं ठरवलं तेव्हा प्रश्न असाच दोन नावांचा होता: अ‍ॅम्बेसिडर की फियाट? तिसरी स्टँडर्ड हेराल्ड होती, पण आमच्याकडे तिचा कोणी विचार केला नाही. फियाट कुर्ल्याच्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सची. ती कंपनी १९४४ मध्ये उभी करणारे वालचंद हिराचंद मूळचे सोलापूरचे, त्यामुळे आजोबा तिला घरची गाडी समजत. इंजिन १०८९ सीसीचं, अ‍ॅम्बेसिडरचं त्याहून मोठं, पण फियाट अंगाने आटोपशीर आणि वळायला चपळ. त्या काळातली स्पोर्टी सेडान म्हणायची तर तीच.

पण आजोबांनी हा तक्ता मांडलाच नाही. त्यांनी विचारलं, कुठली आधी मिळेल? परवाना राज्यात कारखान्याने किती गाड्या काढायच्या ते सरकार ठरवायचं, किंमतही सरकारच बांधून द्यायचं, आणि किंमतीचं भांडण तर १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. नोंदणी करून वर्षानुवर्षं थांबायचं. परिणाम असा की ताबडतोब मिळणारी वापरलेली फियाट कित्येकदा कोऱ्या फियाटच्या सरकारी किंमतीपेक्षा महाग विकली जाई. आजोबांची गाडी अखेर आली तेव्हा आई शाळेतून कॉलेजात गेली होती. ती गाडी त्यांनी कधीच विकली नाही. विकायची कशाला, हा प्रश्नच त्यांना कळला नसता.

आता अमिरातीत या. इथे थांबावं लागत नाही. आखाती देशांचा समाईक आयात कर २००३ पासून ५ टक्के आहे, आणि जगातली बहुतेक प्रत्येक गाडी शोरूममध्ये उभी असते. आजोबांच्या प्रश्नाला इथे अर्थच नाही. पण त्या जागी दुसरा प्रश्न येऊन बसलाय, आणि इथे राहणारा प्रत्येक जण तो गाडी घेण्याआधीच विचारतो: जाताना ही कोण घेईल?

हिशोब असा. खासगी नोकरीतला साधा व्हिसा दोन वर्षांचा. मध्यवर्ती बँकेच्या २०११ च्या नियमाप्रमाणे गाडीसाठी किंमतीच्या ८० टक्क्यांपर्यंत कर्ज मिळतं आणि ते ६० महिन्यांत फेडता येतं. म्हणजे पाच वर्षांचं कर्ज दोन वर्षांच्या मुक्कामावर. नोकरी गेली आणि व्हिसा रद्द झाला की देश सोडायला पूर्वी साधारण ३० दिवस मिळत. २०२२ च्या नव्या नियमांनी बऱ्याच जणांची ही मुदत वाढली. त्या दिवसांत घर सोडायचं, मुलांचे शाळेचे दाखले काढायचे आणि गाडी विकायची. २००८-०९ च्या मंदीत दुबई विमानतळावर सोडून दिलेल्या गाड्यांच्या बातम्या जगभर झाल्या. परदेशी वर्तमानपत्रांनी त्या हजारांत मोजल्या, पोलिसांनी अगदीच थोड्या सांगितल्या, आणि मला पोलिसांचा आकडा खऱ्याच्या जवळचा वाटतो. पण बातमी लोकांना लगेच खरी वाटली, कारण भीती खरी होती. कर्जाच्या तारणाला चेक दिलेले असायचे, आणि चेक न वटणं हा सरसकट फौजदारी गुन्हा होता. ती तरतूद २०२२ च्या जानेवारीत बरीचशी सैल झाली.

इथे मामेभावाने मला अडवलं. "मग विकायची कशाला? घेऊन जाऊ ना सांगलीला." त्याने थट्टेत विचारलं होतं. मला मात्र इथेच बोलायचं होतं.

नेता येणार नाही. भारतात कायमची आयात करायची गाडी उजव्या स्टिअरिंगची असावी लागते आणि अमिरातीतल्या गाड्या डाव्या स्टिअरिंगच्या. पण हे आधीपासून असं नव्हतं. हा किनारा 'ट्रुशियल स्टेट्स' म्हणून ब्रिटिशांच्या छत्राखाली होता, आणि ते छत्र बराच काळ मुंबईतून धरलेलं होतं. इराणच्या बुशेरला बसणारा ब्रिटिश रेसिडेंट १८७३ पर्यंत मुंबई सरकारच्या हाताखाली होता, पुढे तो भारत सरकारकडे गेला. दुबईचं पहिलं पोस्ट ऑफिस १९०९ चं, तेही हिंदुस्थानी टपाल खात्याचं. व्यवहार रुपयात चालत. सोन्याची चोरटी आयात आवरायला रिझर्व्ह बँकेने १९५९ मध्ये आखातासाठी वेगळा रुपया काढला, तरी तो रुपयाच होता. आणि गाड्या, जितक्या काही होत्या तितक्या, मुंबईसारख्याच डाव्या बाजूने चालत.

१९६६ च्या जूनमध्ये भारताने रुपयाचं अवमूल्यन केलं. डॉलर ४.७६ रुपयांवरून थेट ७.५० वर गेला. दुबईच्या व्यापाऱ्याच्या गल्ल्यातले पैसे, त्याचा काही दोष नसताना, एका दिवसात घटले. इथल्या राज्यकर्त्यांनी रुपया सोडला. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात रस्त्याची बाजूही बदलली आणि वाहतूक सौदी शेजाऱ्यांसारखी उजवीकडून सुरू झाली. एकामुळे दुसरं झालं असं मी म्हणत नाही. पुराव्याशिवाय तसं म्हणणं बरोबर नाही. पण तीन महिन्यांच्या आत मुंबईशी जोडलेले दोन धागे तुटले. डांबरी रस्तेच तेव्हा जेमतेम होते, बहुतेक प्रवास वाळूतून लँड रोव्हरने, त्यामुळे कोणाला मोठा फरक पडला नसेल. फरक पडला तो नंतर आलेल्यांना. १९७१ मध्ये देश झाला, १९७३ मध्ये दिरहम आला, तेलाच्या पैशाने रस्ते आले आणि रस्ते बांधायला व हिशोब लिहायला आपली माणसं आली. पैसे घरी पाठवता आले, सोनं नेता आलं, टीव्ही नि मिक्सरही नेले. गाडी तेवढी इथेच राहिली.

म्हणून इथला वापरलेल्या गाड्यांचा बाजार एवढा मोठा आहे. शारजात अबू शगारामध्ये अनेक वर्षं गल्लोगल्ली गाड्यांची दुकानं होती, ती २०१४ च्या सुमारास शहराबाहेर सूक अल हराजला गेली. दुबईत अल अवीरचा बाजार आहे, शिवाय उजव्या स्टिअरिंगच्या जपानी गाड्या पुन्हा निर्यात करायला २००० सालापासून वेगळा मुक्त विभागच आहे. या बाजारात एक दिवस फिरलात तर मामेभावाचा तक्ता विसराल. इथे मल्टिलिंक कोणी विचारत नाही. 'जीसीसी स्पेक' आहे का, म्हणजे आखातातल्या उन्हासाठी बनलेली आहे का, की अमेरिकेतून अपघात झालेली आणून दुरुस्त केलीय? एजन्सीत सर्व्हिस झालीय का? रंग पांढरा आहे का?

एजन्सी हा शब्दही इथला खास. १९८१ च्या कायद्याने परदेशी मालाची एजन्सी स्थानिक हातात ठेवली, आणि त्यामुळे गाडीच्या नावामागे नेहमी एक व्यापारी घराणं असतं. अल फुतैम यांनी १९५५ मध्ये टोयोटा घेतली, आज होंडाही त्यांच्याकडेच. माझदा गलदारींकडे. टोयोटाचा जम इथे देश होण्याच्या सोळा वर्षं आधीचा आहे, आणि तिच्या मागून आलेल्या सगळ्या जपानी गाड्यांना त्या विश्वासाचा थोडा वाटा मिळाला. मेकॅनिक, सुटे भाग, गिऱ्हाईक, सगळं तयार असतं. अल अवीरच्या एका दुकानदाराने मला चहा पाजत सांगितलं होतं की सिव्हिक आठवड्यात जाते, माझदाला ती आवडणारा माणूस यावा लागतो.

राहता राहिला 'स्पोर्टी'. सकाळी शारजाहून दुबईकडे निघा, इत्तिहाद रोडवर पहिल्या नि दुसऱ्या गिअरच्या पुढे काही होत नाही. पुढे मोकळा रस्ता लागला तरी कॅमेरे आहेतच, आणि अबू धाबीने तर २०१८ मध्ये वेगमर्यादेवरची २० किलोमीटरची सूटही काढून टाकली. वळणांची मजा हवी तर सुट्टीच्या दिवशी अल ऐनला जबल हफीत चढायचा: पावणेबारा किलोमीटर, साठेक वळणं. आंबा घाटाची सवय असलेल्याला रस्ता फारच गुळगुळीत वाटतो, झाडं नसतात आणि पावसाचं धुकं तर नाहीच. तरी घाट तो घाट.

हे सगळं सांगून मी मामेभावाला म्हटलं, सिव्हिक घे, पांढरी. इतिहास तेच सांगतो. दोन वर्षांनी काहीही होवो, आठवड्यात मोकळा होशील.

त्याने बराच वेळ उत्तर दिलं नाही. मग म्हणाला, "ताई, घर भाड्याचं घेतलं ते जायचं म्हणून. पलंग घेतला तो घडीचा, जायचं म्हणून. कुंडीत तुळस लावली नाही, पाणी कोण घालणार म्हणून. सहा वर्षं झाली मला इथे."

गेल्या महिन्यात त्याने माझदा घेतली, लाल. मुल्कियावर, म्हणजे इथल्या आरसी बुकावर, आपलं नाव असलेला फोटो पाठवला. पहिल्याच सुट्टीला जबल हफीत चढून आला आणि वरून मामांना व्हिडिओ कॉल लावला. मामांनी गाडी मागूनपुढून बघितली, मागचं दार उघडायला लावलं, सीटवर हात ठेवून दाखवायला सांगितलं आणि म्हणाले, "चढताना दम लागला का तिला?"

मी त्याला एवढंच सांगितलं की बॅटरी जुनी असेल तर लगेच बदल. इथल्या उन्हात ती दोन वर्षांच्या वर टिकत नाही.