सीए-१२५ आणि पंचवटी

सीए-१२५ हे नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ते विमानाचं एखादं मॉडेल वाटलं होतं. नंतर वाचलं, की त्या आकड्यामागे फार काही नाही. बोस्टनमध्ये रॉबर्ट बास्ट आणि त्यांचे सहकारी अंडाशयाच्या कॅन्सरच्या पेशींना चिकटणाऱ्या अँटीबॉडीज तयार करत होते. त्यातली १२५ क्रमांकाची कामाची निघाली. साल १९८१. तिच्यामुळे रक्तातला जो पदार्थ मोजता आला तो सीए-१२५. ३५ च्या आत असला तर ठीक, वर चढू लागला की घरभर धाकधूक.

हा कॅन्सर बहुधा पोटात पसरल्यावरच कळतो. ऑपरेशन आणि केमोने बऱ्याच जणींना चांगला उतार पडतो, पण पुष्कळदा दोन-तीन वर्षांत तो पुन्हा उलटतो. उलटला की सहसा मुळापासून जात नाही, औषधांनी दाबून ठेवावा लागतो. काही जणींच्या बाबतीत वर्षानुवर्षं! म्हणजे प्रश्न नुसता 'किती दिवस' एवढा उरत नाही, ते दिवस कसे जातात हाही असतो. आणि गंमत बघा, हा दुसरा प्रश्न शास्त्राने फार उशिरा विचारला.

सिस्प्लॅटिनला अमेरिकेत १९७८ साली मंजुरी मिळाली. औषध जबरदस्त, आणि उलट्याही तशाच. त्या काळी नाशिकहून मोठ्या उपचाराला जायचं म्हणजे मुख्यतः परळ, टाटा हॉस्पिटल. ते १९४१ पासूनचं. १९७५ साली पंचवटी एक्सप्रेस सुरू झाली आणि सकाळी निघून संध्याकाळी परतायची सोय झाली. पण सिस्प्लॅटिन घेतलेल्या बाईला त्याच दिवशी बाकावर बसून कसारा घाट चढायला लावणं म्हणजे... जाऊ दे. मुक्काम पडला तर दादरची गाडगे महाराज धर्मशाळा. बाबांनी नाशकातही यात्रेकरूंसाठी धर्मशाळा बांधली होती. दादरला त्यांच्या नावाच्या धर्मशाळेत कॅन्सरचे पेशंट आणि त्यांचे नातेवाईक राहतात. रेल्वे भाड्यातही सवलत देते, पेशंटला आणि सोबतच्या माणसालाही. पुढे कार्बोप्लॅटिन आलं, ते पोटाला जरा सौम्य. १९९१ च्या सुमाराला ओन्डॅनसेट्रॉन आलं. उलटी थांबवणारी ही साधी गोळी, पण माझ्या मते बायकांच्या दृष्टीने ती केमोच्या कुठल्याही नव्या औषधाइतकीच मोठी.

पेशंट कितपत बरा आहे हे आधी डॉक्टरच ठरवत. १९४० च्या दशकात कार्नोफ्स्की यांनी शून्य ते शंभर अशी पट्टी केली, आणि तिच्यावर खूण करायची ती डॉक्टरांनी. थेट पेशंटला विचारणारी युरोपातली तीस प्रश्नांची यादी १९९३ साली प्रसिद्ध झाली. जड पिशवी उचलताना त्रास होतो का, झोप लागते का, आजारपणामुळे पैशांची ओढाताण होते का, असे साधे प्रश्न. तिचं मराठी रूपही आहे. त्यात पंचवटीत बसायला जागा मिळते का हा प्रश्न नाही, एवढीच माझी तक्रार!

आता मुख्य गोष्ट. सीए-१२५ तर अनेकदा त्रास सुरू होण्याच्या काही महिने आधीच चढतो. मग आकडा चढला की लगेच केमो द्यायची, की त्रास सुरू होईपर्यंत थांबायचं? सगळ्यांची समजूत एकच, लवकर दिलेलं बरं. गॉर्डन रस्टिन यांनी ते तपासून पाहिलं. २०१० साली लॅन्सेटमध्ये निकाल आला. ५२९ बायका, दोन गट. एका गटाची केमो सरासरी पावणेपाच महिने आधी सुरू झाली. आयुष्यात मात्र फरक पडला नाही: लवकरवाल्या गटात मध्यक २५.७ महिने, थांबलेल्या गटात २७.१. आणि बायकांनी स्वतः भरलेल्या कागदांनुसार लवकरवाल्यांची तब्येत आधी खालावली. मध्यक ३.२ महिने विरुद्ध ५.८.

माझ्या मावशीने हा पेपर वाचला नव्हता. दूधवाल्याच्या वहीत मागच्या पानापासून ती आपले आकडे लिहायची. १८, २२, ४१, ८८. डॉक्टर म्हणाले, पोट फुगत नाही, जेवण जातंय, स्कॅनमध्ये घाबरण्यासारखं काही नाही, आपण थांबू. मावसभाऊ भडकला. "म्हणजे आईला वाऱ्यावर सोडायचं?" (तो हे वाचतो, म्हणून जपून लिहितेय.) मावशी म्हणाली, "कुरडया होऊ देत माझ्या." त्या उन्हाळ्यात गच्चीवर सात किलो गव्हाच्या कुरडया झाल्या. चीक तिने स्वतः घाटला. पहिल्या वेळच्या पॅक्लिटॅक्सेलने बोटांची टोकं बधिर झालेली, सोऱ्या मात्र मला फिरवायला लावला. पावसाळा सरता सरता पोटात पाणी धरलं तेव्हा केमो सुरू झाली. त्यानंतर ती दोन वर्षं होती. तो उन्हाळा तिला फुकट मिळाला की महाग पडला, हे एकट्या तिच्यावरून कुणाला सांगता येईल? ५२९ जणींवरून मात्र काहीतरी सांगता येतं.

तरी भाऊ चुकीचा प्रश्न विचारत नव्हता. त्या अभ्यासानंतर बरंच बदललं. बीआरसीए दोष असलेल्यांसाठी २०१४ पासून ओलापॅरिबसारख्या गोळ्या आल्या. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत, पहिल्यांदा उलटल्यावर नीट निवडलेल्या बायकांचं पुन्हा ऑपरेशन केलं तर आयुष्य वाढतं असं दिसलं; मध्यक ४६ महिन्यांवरून जवळजवळ ५४ वर. म्हणजे आज आकडा चढला तर नुसतं थांबून चालणार नाही, निदान स्कॅन करून सर्जनचं मत घ्यायला हवं. केमोची घाई हा वेगळा मुद्दा, तो अजून तिथेच आहे. आणि निर्णय ज्याचा त्याने आपल्या डॉक्टरांशी बोलूनच घ्यावा, मी कोण सांगणार!

नाशकात आता कॅन्सरची हॉस्पिटलं आहेत. २०१८ मध्ये सरकारने काही जिल्हा रुग्णालयांत मोफत केमोची योजना जाहीर केली, तिच्या यादीत नाशिकचंही नाव होतं. दर तीन आठवड्यांनी दादर गाठण्याची सक्ती पुष्कळ जणींपुरती तरी संपली आहे. सलाईन संपल्यावर रिक्षाने अर्ध्या तासात घरी, आपल्या बाथरूममध्ये, आपल्या गादीवर.