बर्कलेचा वारसा आणि बीएसडीच्या शाखा

फ्रीबीएसडी, नेटबीएसडी, ओपनबीएसडी आणि ड्रॅगनफ्लाय बीएसडी या चार मुक्त कार्यप्रणालींपैकी कोणती स्वीकारावी, या प्रश्नाचे उत्तर बहुधा गुणदोषांच्या तक्त्यात शोधले जाते. परंतु या प्रणाली वेगळ्या का झाल्या हे समजल्याखेरीज तो तक्ता फारसे काही सांगत नाही. कारण त्यांच्यातील पहिल्या फुटी तांत्रिक मतभेदांपेक्षा रखडलेली कामे आणि माणसांमधील बेबनाव यांतून पडल्या, आणि प्रत्येक शाखेचे तांत्रिक वेगळेपण नंतर हळूहळू घडत गेले. कार्यप्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम, ही संगणकाचे यंत्र आणि त्यावर चालणारे प्रोग्राम यांच्यामध्ये राहून दोहोंचा व्यवहार सांभाळते. या चारही प्रणालींचा उगम कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील संकुलात आहे.

अमेरिकेतील बेल लॅब्ज या संशोधनसंस्थेत 1969 मध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स या प्रणालीवर काम सुरू केले. तिची मालक कंपनी एटी अँड टी ही 1956 च्या न्यायालयीन तडजोडीने बांधलेली असल्यामुळे तिला संगणकाच्या धंद्यात उतरता येत नव्हते, आणि म्हणून युनिक्स विद्यापीठांना अल्प शुल्कात, सोर्स कोडसह, म्हणजे माणसाला वाचता व बदलता येईल अशा मूळ संहितेसह, दिली जाई. बर्कलेला ती 1974 मध्ये पोहोचली. बिल जॉय या विद्यार्थ्याने तेथील सुधारणा एकत्र करून बर्कले सॉफ्टवेअर डिस्ट्रिब्यूशन, अर्थात बीएसडी, या नावाने चुंबकीय फितींवर वाटायला आरंभ केला. पुढे अमेरिकी संरक्षण खात्याच्या दार्पा या संस्थेने पैसा पुरवला, आणि 1983 च्या 4.2 बीएसडी या आवृत्तीतून टीसीपी-आयपी, म्हणजे आजच्या इंटरनेटचे संपर्कनियम, असंख्य विद्यापीठांच्या संगणकांवर पोहोचले.

मात्र बीएसडीमध्ये युनिक्सची मूळ संहिता मिसळलेली असल्याने प्रत्येक ग्राहकाला एटी अँड टीचा परवाना घ्यावा लागे, आणि त्याचे शुल्क वाढत चालले होते. या अडचणीवर बर्कलेने काढलेला मार्ग संगणकाच्या इतिहासातील अत्यंत धाडसी प्रयत्नांपैकी एक मानावा लागेल. जून 1989 मध्ये तेथील गटाने केवळ स्वतः लिहिलेला नेटवर्किंगचा भाग वेगळा काढला, आणि 1000 डॉलरला फीत घेणाऱ्याने तिच्या हव्या तितक्या प्रती कोणालाही द्याव्यात, अशी मुभा दिली. त्यानंतर त्याच गटातील कीथ बॉस्टिक यांनी युनिक्समधील उरलेली साधने, त्यांची संहिता न पाहता, केवळ प्रसिद्ध झालेल्या वर्णनांवरून नव्याने लिहिण्याचे आवाहन केले. मोबदला एवढाच की लिहिणाऱ्याचे नाव श्रेयनामावलीत यावे. आणि तरीही सुमारे दीड वर्षात जवळजवळ सर्व साधने तयार झाली. जून 1991 च्या वितरणात कर्नलमधील, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यातील, अवघ्या सहा फाइलींची उणीव राहिली. ती बिल जॉलिट्झ यांनी भरून काढली आणि 1992 मध्ये घरगुती संगणकांवर चालणारी 386बीएसडी ही प्रणाली खुली केली.

पहिली फूट येथेच पडली. 386बीएसडीच्या वापरकर्त्यांनी दुरुस्त्यांचा ढीग उभा केला, परंतु त्या मूळ प्रणालीत सामावल्या जाण्याचा वेग त्यांच्या अपेक्षेहून फारच मंद होता. त्यांतील एका गटाने मार्च 1993 मध्ये नेटबीएसडी, तर दुसऱ्याने त्याच वर्षीच्या जूनमध्ये फ्रीबीएसडी हा प्रकल्प स्थापला. त्याच काळात युनिक्सचे हक्क सांगणाऱ्या यूएसएल या कंपनीने बर्कलेच्या संहितेवर 1992 मध्ये खटला भरलेला होता. 1994 च्या आरंभी तडजोड झाली तेव्हा सुमारे 18,000 फाइलींपैकी केवळ तीन काढून टाकाव्या लागल्या आणि सत्तरेक फाइलींवर हक्काची सूचना घालावी लागली. एवढ्याशा मुद्द्यासाठी दोन वर्षे सारे भवितव्य टांगणीला लागले, ही या इतिहासातील खरोखर खेदाची गोष्ट आहे. या अनिश्चिततेच्या काळात लिनक्स मोठे झाले. 386बीएसडी वेळेवर उपलब्ध असती तर लिनक्स बहुधा जन्मालाच आले नसते, असे लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी स्वतःच सांगितले आहे. या दोन परंपरांत एक मूलभूत फरक राहिला: लिनक्स हा केवळ कर्नल असून त्याभोवतीची साधने निरनिराळे वितरक जुळवतात, तर बीएसडीच्या प्रत्येक शाखेत कर्नल आणि मूलभूत साधने एकाच संहितेत, एकाच गटाच्या देखरेखीखाली वाढतात.

त्यामुळे शाखा निवडणे म्हणजे त्या गटाची कार्यपद्धती निवडणे होय. फ्रीबीएसडीने इंटेलच्या सर्वसामान्य संगणकांवरील वेग आणि सोय यांना प्राधान्य दिले, आणि म्हणूनच पुढे नेटफ्लिक्सची चित्रफीत पुरवणारी यंत्रे आणि सोनीचा प्लेस्टेशन 4 यांनी तिचा आधार घेतला. नेटबीएसडीने यंत्रनिरपेक्ष संहिता आणि विशिष्ट यंत्रापुरती संहिता यांची काटेकोर विभागणी केली, ज्यामुळे ती पन्नासहून अधिक प्रकारच्या यंत्रांवर नेता आली. थिओ द राट हे नेटबीएसडीच्या संस्थापकांपैकी एक. सहकाऱ्यांशी बिनसल्यामुळे त्यांना डिसेंबर 1994 मध्ये बाहेर पडावे लागले, आणि 1995 मध्ये त्यांनी कॅनडातील कॅलगरी येथून ओपनबीएसडी सुरू केली. व्यक्तिगत कटुतेतून निघालेल्या या शाखेने संहितेची ओळ न् ओळ तपासून सुरक्षेतील दोष काढण्याचे व्रत घेतले, आणि 1999 मध्ये तिने घडवलेले ओपनएसएसएच, दूरच्या संगणकावर सुरक्षितपणे काम करण्याचे साधन, आज जवळपास प्रत्येक सर्व्हरवर आढळते. 2003 मध्ये मॅथ्यू डिलन यांनी फ्रीबीएसडीपासून ड्रॅगनफ्लाय वेगळी केली, ती मात्र मुख्यतः तांत्रिक मतभेदातून: अनेक प्रोसेसरांमध्ये कर्नलचे काम कसे वाटावे, याविषयी त्यांना निराळी वाट हवी होती.

बर्कलेचा परवाना उदार असल्याने एका शाखेची संहिता दुसरीत सहज जाते, पण ती तेथे पूर्वीसारखीच राहते असे नाही. परवान्याच्या वादातून ओपनबीएसडीने 2001 मध्ये जुनी फायरवॉल, म्हणजे नेटवर्कवरील ये-जा गाळणारी यंत्रणा, काढून टाकली आणि तिच्या जागी पीएफ ही नवी आणली. पीएफ पुढे फ्रीबीएसडीने घेतली आणि अनेक प्रोसेसरांचा पूर्ण वापर व्हावा म्हणून तिच्या अंतरंगात मोठे बदल केले. तिकडे ओपनबीएसडीने नियम लिहिण्याची पद्धतच पालटली. परिणामी आज एका शाखेसाठी लिहिलेली पीएफची नियमावली दुसरीवर जशीच्या तशी चालेल याची खात्री देता येत नाही, आणि शाखा बदलू पाहणाऱ्या व्यवस्थापकाला आपले नियम पुन्हा तपासून घ्यावे लागतात.